सिझेरियननंतरचा वण : कारणे, काळजी आणि कुटुंबाचे कर्तव्य

(ट्रस्टच्या सुवर्ण महोत्सवी वर्षानिमित्त शिरवळ येथे योजिलेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्ण महोत्सव म्हटला की जीर्णोद्धार, पाठशाळा, तपश्चर्येचे पारणे, अन्नदान आणि शिष्यवृत्ती हे विषय स्वाभाविकपणे पुढे येतात. स्त्रीच्या पोटावरील टाक्यांच्या वणाविषयी अशा व्यासपीठावरून बोलणे अनेकांना चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. परंतु जैन परंपरेने सांगितलेल्या चार दानांमध्ये आहार, शास्त्र आणि अभय यांच्या बरोबरीने औषधदानाला स्थान आहे, आणि रुग्णाची सेवा म्हणजे वैयावृत्त्य हे तर आभ्यंतर तपांमध्ये गणले गेले आहे. औषधदान म्हणजे केवळ गोळ्यांच्या पाकिटांचे वाटप नव्हे. योग्य वेळी मिळालेली योग्य माहिती हेही औषधच होय. म्हणून या विषयाची निवड.

एक घर डोळ्यांसमोर आणावे. महामार्गालगतच्या गावात खाली दुकान, वर राहते घर. सूनबाईंचे पहिले बाळंतपण सिझेरियनने झाले. बाळ सुखरूप, पेढे वाटले गेले, पाहुण्यांची वर्दळ सुरू झाली. नवव्या दिवशी टाक्यांच्या एका टोकाशी ओल दिसू लागली. सासूबाईंना सांगावे तर त्या घाबरतील, सासऱ्यांसमोर तर तो शब्दच काढायचा नाही, पती दिवसभर गिऱ्हाइकांत गुंतलेले. तिने पदराआड ते झाकले. चार दिवसांनी ताप आला तेव्हा सर्वांना कळले. जखम पुन्हा उघडावी लागली, महिनाभर मलमपट्टी चालली, आणि पुढे तेथे जाड, तांबूस, खाजणारा वण उभा राहिला. लग्नकार्यात साडी नेसताना ती दार लावून एकटीच आरशासमोर उभी राहू लागली. हे घर काल्पनिक आहे, पण ते कोणाच्याही ओळखीचे वाटावे असे आहे.

विषयाची व्याप्ती

हा प्रश्न आता थोड्या स्त्रियांचा राहिलेला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील एकूण प्रसूतींपैकी सिझेरियनने झालेल्या प्रसूतींचे प्रमाण २००५-०६ मध्ये ८.५ टक्के होते. ते २०१५-१६ मध्ये १७.२ टक्के आणि २०१९-२१ मध्ये २१.५ टक्के झाले. महाराष्ट्रात याच शेवटच्या दोन पाहण्यांमध्ये ते २०.१ टक्क्यांवरून २५.४ टक्क्यांवर गेले. म्हणजे राज्यातील दर चार प्रसूतींमागे एक प्रसूती शस्त्रक्रियेने होते. देशातील खाजगी रुग्णालयांत हे प्रमाण ४७ टक्क्यांच्या घरात, तर सरकारी रुग्णालयांत १४ टक्क्यांच्या घरात आढळले. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये दहा ते पंधरा टक्के ही मर्यादा सुचवली होती. २०१५ मध्ये तिनेच असा खुलासा केला की, लोकसंख्येच्या पातळीवर दहा टक्क्यांपलीकडे प्रमाण वाढल्याने माता व बालमृत्यू आणखी घटल्याचे दिसत नाही. मात्र ज्या स्त्रीला गरज आहे तिला ही शस्त्रक्रिया मिळालीच पाहिजे.

या शेवटच्या वाक्याचे महत्त्व विसरता कामा नये. सिझेरियन ही शत्रू नव्हे. नाळ पुढे आलेली असताना, बाळ आडवे असताना किंवा बाळाचे ठोके मंदावत असताना हीच शस्त्रक्रिया दोन जीव वाचवते. १८८२ मध्ये माक्स झेंगर या जर्मन वैद्याने गर्भाशय शिवण्याची पद्धत रूढ करण्यापूर्वी या शस्त्रक्रियेतून माता वाचणे दुर्मीळ होते. १९०० मध्ये फॅनेनस्टील यांनी ओटीपोटावर खालच्या बाजूला आडवा छेद घेण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आज बहुतेक सिझेरियन याच धर्तीच्या छेदाने होतात. आपल्या भागापुरते पाहिले तर सांगली जिल्ह्यातील मिरज येथे १८९४ मध्ये डॉ. विल्यम वॅनलेस यांनी रुग्णालय सुरू केले आणि दक्षिण महाराष्ट्रातील शस्त्रक्रियेच्या परंपरेचा पाया घातला.

त्याही मागे जायचे तर शिरवळजवळच्या नायगावचे स्मरण करावे लागते. ३ जानेवारी १८३१ रोजी तेथे जन्मलेल्या सावित्रीबाई फुले यांनी जोतीरावांसह १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. ज्या स्त्रियांचे बाळंतपण लपवले जात होते त्यांच्यासाठी ते दार खुले झाले. तेथे जन्मलेल्या आणि त्यांनी दत्तक घेतलेल्या यशवंताने पुढे डॉक्टर होऊन प्लेगच्या रुग्णांची सेवा केली. बाळंतिणीच्या दुःखाला लपवण्याची गोष्ट न मानता सांभाळण्याची गोष्ट मानावी, हा धडा याच तालुक्याच्या मातीतला आहे.

जखम भरते कशी ?

कापडाला चीर पडली तर रफूगार ताणा आणि बाणा ओळखून एकेक धागा पुन्हा बसवतो. शरीरही तेच करते, परंतु त्याला मूळ वीण जशीच्या तशी साधत नाही. प्रथम रक्त साकळून छेद बंद होतो. नंतर काही दिवस सूज व लाली असते, त्या काळात पांढऱ्या पेशी जंतू आणि मृत पेशी दूर करतात. पुढील काही आठवड्यांत कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे घाईघाईने विणले जातात. त्यानंतर वर्षभर, कधी त्याहूनही अधिक काळ, त्या धाग्यांची फेरमांडणी चालते. तीन आठवड्यांनी जखमेत मूळ त्वचेच्या बळाचा जेमतेम पाव हिस्सा आलेला असतो आणि पूर्ण भरल्यानंतरही ते बळ सुमारे ऐंशी टक्क्यांच्या पुढे जात नाही. यावरून दोन बोध घ्यावेत. पहिला, टाके काढले म्हणजे जखम पक्की झाली असे नव्हे. दुसरा, वणाचे अंतिम रूप वर्षानंतरच ठरते, तेव्हा दुसऱ्या महिन्यातील लाली पाहून निराश होण्याचे कारण नाही.

धागे विणण्याचे काम वेळेवर थांबले नाही तर वण बिघडतो. त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिला फुगीर वण. तो साधारण एक-दोन महिन्यांत उठतो, जाड, लाल व खाजरा असतो, पण मूळ छेदाच्या हद्दीतच राहतो आणि कालांतराने बराचसा बसतो. दुसरा किलॉइड. हा हद्द ओलांडून शेजारच्या निरोगी त्वचेवर पसरतो, कधी काही महिन्यांनी तर कधी वर्षानंतर दिसू लागतो आणि आपोआप जात नाही. खेकड्याच्या नांगीसारखा पसरतो म्हणून फ्रेंच वैद्य आलिबेर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्याला हे ग्रीक मुळाचे नाव दिले. तो नुसता कापून काढला तर निम्म्या किंवा त्याहून अधिक रुग्णांत पुन्हा उगवतो, हे विशेष लक्षात ठेवावे.

धोका कोणाला अधिक ?

पहिले कारण शरीराची जात. सावळ्या व गडद वर्णाच्या त्वचेत किलॉइडचे प्रमाण गोऱ्या त्वचेपेक्षा पुष्कळ अधिक असते. वयाच्या दहा ते तीस वर्षांत त्वचेची ही प्रवृत्ती जोरात असते, आणि आपल्याकडील बहुतेक बाळंतपणे याच वयात होतात. गर्भारपणातील संप्रेरकांमुळे जुने किलॉइड वाढल्याचेही दिसते. आई, मावशी किंवा बहीण यांना असे वण असतील तर धोका वाढतो. याची ओळख पटवायला कोणत्याही यंत्राची गरज नाही. कान टोचल्यावर पाळीवर गाठ आली होती काय, नाक टोचलेल्या जागी मांस वाढले होते काय, दंडावरील बीसीजी लसीचा डाग जाड व फुगीर आहे काय, एवढे तीन प्रश्न विचारावेत. एकाचे जरी उत्तर होकारार्थी असेल तर ते शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

दुसरे कारण आधीपासूनचे आजार. जखमेत पू होणे आणि ती उशिरा भरणे हे बिघडलेल्या वणाचे फार मोठे कारण आहे, आणि मधुमेह, स्थूलता व रक्तक्षय ही तिन्ही त्या दिशेने नेतात. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात देशातील निम्म्याहून अधिक गर्भवती स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. खात्यापित्या घरांतही याला अपवाद नाही, कारण सर्वांना वाढून उरलेले खाण्याची सवय श्रीमंत घरांतही आढळते. गर्भारपणातील मधुमेहाची तपासणी सोपी आहे. पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देऊन दोन तासांनी रक्तातील साखर पाहतात, आणि ती १४० किंवा त्याहून अधिक आल्यास उपचार सुरू करतात. व्यापारी समाजात बैठे जीवन आणि गोडाची आवड या दोहोंमुळे मधुमेह घरोघरी आहे, म्हणून ही तपासणी चुकवू नये.

तंबाखूचा उल्लेख येथे टाळता येत नाही. सातारा-सांगलीकडील अनेक घरांत स्त्रिया दातांना मिशेरी लावतात आणि तिला व्यसन मानत नाहीत. परंतु मिशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिच्यातील निकोटिनमुळे सूक्ष्म रक्तवाहिन्या आकसतात, जखमेला प्राणवायू कमी पोचतो आणि ती भरण्यास उशीर होतो. घरकामाला येणाऱ्या भगिनींनाही हे समजावून सांगावे. आपले कर्तव्य आपल्या उंबरठ्यापाशी संपत नाही.

तिसरे कारण शस्त्रक्रियेची परिस्थिती. दीर्घकाळ कळा देऊन, पाणी जाऊन बराच वेळ झाल्यावर तातडीने करावे लागलेले सिझेरियन आणि आधी ठरवून केलेले सिझेरियन यांत जंतुसंसर्गाचा धोका पहिल्यात अधिक असतो. उभ्या छेदावर ताण अधिक पडतो, म्हणून त्याचा वण आडव्या छेदापेक्षा रुंद होण्याचा संभव असतो. प्रत्येक पुढील सिझेरियनमध्ये जुन्या वणावरच पुन्हा छेद येतो. छेद देण्यापूर्वीच प्रतिजैविकाची मात्रा द्यावी, केस काढायचेच असतील तर वस्तऱ्याऐवजी कातरयंत्राने काढावेत, त्वचेखालील चरबीचा थर दोन सेंटिमीटरहून जाड असल्यास तोही शिवावा, या गोष्टींनी जखमेच्या तक्रारी कमी होतात हे आता मान्य झालेले आहे. धातूच्या पिनांपेक्षा त्वचेच्या आत घातलेल्या विरघळणाऱ्या टाक्यांमध्ये जखम उसवण्याचे प्रमाण कमी आढळते.

टाक्यांच्या धाग्याबाबत जैन कुटुंबांना एक गोष्ट ठाऊक असावी. कॅटगट नावाचा जुना विरघळणारा धागा मेंढी किंवा गुरांच्या आतड्यापासून बनतो. त्याला पर्याय म्हणून पॉलिग्लॅक्टिनसारखे कृत्रिम धागे १९७० च्या दशकापासून उपलब्ध आहेत आणि त्यांची शरीरात होणारी प्रतिक्रियाही तुलनेने सौम्य असते. तारीख ठरलेली असेल तर डॉक्टरांना याविषयी नम्रपणे आधी विचारता येते. परंतु आणीबाणीच्या क्षणी धाग्याचा वाद घालून शस्त्रक्रिया लांबवणे हे अहिंसेच्या तत्त्वाशी विसंगत ठरेल, कारण तेथे दोन पंचेंद्रिय जीवांचा प्रश्न असतो.

घरातील चुका

चौथे कारण घरातले आहे आणि ते सर्वस्वी आपल्या हाती आहे. बाळंतिणीला शेक-शेगडी देण्याची प्रथा मायेपोटी आली. परंतु सिझेरियननंतर छेदाभोवतीची त्वचा कित्येक महिने बधिर असते. निखाऱ्याची धग किंवा गरम पाण्याची पिशवी किती पोळते हे त्या जागी कळत नाही, आणि भाजल्याचा वण टाक्यांच्या वणाहून वाईट ठरू शकतो. ओल्या जखमेवर हळद, राख, तेल किंवा तूप लावू नये. मालिश करणाऱ्या बाईंना ‘पोटावर हात नको’ असे स्पष्ट सांगावे. जखम पूर्ण भरल्यावर, डॉक्टरांच्या संमतीने, साध्या तेलाने वणावर हलके मर्दन केल्यास मात्र लाभ होऊ शकतो.

पोट बांधण्यासाठी जुन्या लुगड्याचा घट्ट पट्टा वापरतात. आधार म्हणून स्वच्छ, रुंद पट्टा चालेल, पण त्याखाली घाम साचून त्वचा ओली राहता कामा नये. ज्यांच्या पोटाला घडी पडते त्यांनी ती उचलून तेथील जागा दिवसातून दोन-तीन वेळा स्वच्छ कापडाने कोरडी करावी. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर रोज स्नान करण्यास हरकत नाही. टाके आहेत म्हणून दहा दिवस अंगाला पाणी न लावणे चुकीचे आहे.

वस्त्राचा प्रश्न लहान वाटतो, पण तो लहान नाही. परकराची सुती नाडी नेमकी त्या भागात करकचून बांधली जाते. रोजच्या घर्षणाने त्वचा काळवंडते, खरबरीत होते आणि नव्या वणाला सतत चोळा बसतो. कपड्याच्या घट्ट बांधणीचा त्वचेवरील परिणाम हा महाराष्ट्रातील वैद्यकाला अपरिचित विषय नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९४५ मध्ये धोतराच्या घट्ट गाठीमुळे कमरेवर होणाऱ्या कर्करोगाची नोंद केली होती. वर्धा येथील डॉक्टरांचा सहभाग असलेल्या २०२४ मधील एका लेखात परकराच्या नाडीखाली वर्षानुवर्षे राहिलेल्या जखमेतून कर्करोग झालेल्या दोन वृद्ध स्त्रियांची माहिती आली आहे. असे प्रसंग अत्यंत विरळ आहेत, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. मात्र बाळंतिणीला नाडीऐवजी रुंद, मऊ पट्टीचा किंवा वणाच्या बराच वर बांधता येईल असा सैल सुती परकर शिवून द्यावा. बारशाच्या आहेरात भरजरी शालू दिला जातो, त्याबरोबर असे दोन परकर दिले तर त्यांचा उपयोग अधिक होईल.

आहाराविषयी थोडेसे. जखम प्रथिनांवर भरते. कंदमुळे वर्ज्य करणाऱ्या घरातही मूग, मटकी, हरभरा, दूध, दही, पनीर, शेंगदाणे, तीळ यांतून पुरेशी प्रथिने मिळतात, आणि आवळा, लिंबू, पेरू यांतून क जीवनसत्त्व मिळते. अळिवाची खीर ही जुनी योजना लोहाच्या दृष्टीने शहाणपणाची आहे. प्रश्न येतो तो चौविहार आणि पर्युषणातील उपवासांचा. अंगावर दूध पाजणाऱ्या आणि जखम भरत असलेल्या स्त्रीने कठोर तप करावे असा आग्रह कोणीही धरू नये. व्रतांमध्ये आजारपणाचा आगार ठेवण्याची परंपरा आहेच. गुरुमहाराजांना विचारून सवलत घ्यावी. तिने सवलत घेतली म्हणून तिला टोमणा मारणाऱ्याने आपली कषाये तपासावीत.

आतील वण

बाहेरचा वण डोळ्यांना दिसतो. त्याहून गंभीर वण गर्भाशयावर असतो आणि तो कोणालाच दिसत नाही. छेदाच्या जागी गर्भाशयाच्या भिंतीत खाच राहिली तर पाळी संपल्यावरही कित्येक दिवस तपकिरी डाग जात राहतात. टाक्यांच्या जागी गाठ येऊन ती दर महिन्याला पाळीच्या वेळी दुखत असेल तर गर्भाशयाच्या अस्तराच्या पेशी वणात रुजल्या असण्याचा संभव असतो. आतील अवयव एकमेकांना चिकटून पुढची शस्त्रक्रिया अवघड होते. यांपैकी काहीही जाणवले तर ‘बाईच्या जातीला हे चालायचेच’ असे म्हणून सोडून देऊ नये.

सर्वांत मोठा धोका पुढील गर्भारपणात असतो. नाळ खाली येऊन जुन्या वणावर रुजली तर ती गर्भाशयात खोल घुसते आणि प्रसूतीच्या वेळी सुटत नाही, प्रचंड रक्तस्राव होतो. अमेरिकेत तीस हजारांहून अधिक सिझेरियनांच्या २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, नाळ खाली असलेल्या स्त्रियांमध्ये अशी घुसलेली नाळ पहिल्या सिझेरियनच्या वेळी ३ टक्के, दुसऱ्याच्या वेळी ११ टक्के, तिसऱ्याच्या वेळी ४० टक्के आणि चौथ्याच्या वेळी ६१ टक्के स्त्रियांत आढळली. व्याजावर व्याज कसे चढते हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. येथेही तसेच आहे. म्हणून मुलगा हवा या हट्टापायी तिसरे, चौथे सिझेरियन करायला लावणे म्हणजे सुनेच्या जिवाची बाजी लावणे होय. हे वाक्य कटू आहे, पण ते बोलल्यावाचून हा विषय पूर्ण होत नाही.

दोन बाळंतपणांत पुरेसे अंतर ठेवावे. एका प्रसूतीपासून पुढच्या प्रसूतीपर्यंतचा काळ दीड वर्षाहून कमी असेल तर कळा देताना जुना वण फाटण्याचा धोका वाढतो. त्याच वेळी हेही खरे की, एका आडव्या छेदानंतर योग्य निवड केलेल्या आणि सर्व सोयी असलेल्या ठिकाणी देखरेखीखाली असलेल्या अनेक स्त्रियांची पुढची प्रसूती नैसर्गिक रीतीने होऊ शकते. अशा प्रयत्नात वण फाटण्याचे प्रमाण साधारण दोनशे स्त्रियांत एक इतके असते. गर्भाशयावर वरच्या भागात उभा छेद घेतलेला असेल तर मात्र धोका कितीतरी अधिक असल्याने हा प्रयत्न करत नाहीत. पोटावरील छेद पाहून गर्भाशयावरील छेद कळत नाही, तो कागदावरच सापडतो. म्हणून रुग्णालयातून मिळालेला कागद, त्यावर छेदाचा प्रकार, शस्त्रक्रियेचे कारण, प्रतिजैविके आणि रक्तगट लिहून घेऊन, घरातील खतावणी जपावी तसा जपून ठेवावा.

उपचार

जखम पूर्ण बंद झाल्यावर वण फुगू लागला तर प्रथम सिलिकॉनचे मलम किंवा पट्टी यांचा उपयोग करतात. पट्टी रोज बारा तासांहून अधिक वेळ, दोन-तीन महिने नेटाने लावावी लागते. दोन दिवस लावून ‘गुण येत नाही’ म्हणणे योग्य नव्हे. त्यानेही न बसल्यास त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लॅस्टिक सर्जन काही आठवड्यांच्या अंतराने वणातच ट्रायअ‍ॅमसिनोलोन या औषधाची इंजेक्शने देतात. अतिशीत उपचार, लेसर आणि निवडक रुग्णांत शस्त्रक्रियेसोबत अन्य उपाय हे त्यापुढचे टप्पे आहेत. उपचार सुरू करताना बाळ अंगावर पीत असल्यास ते अवश्य सांगावे. वणाची चिंता ही आधुनिक चोचल्यांची गोष्ट आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी लक्षात घ्यावे की, सुश्रुतसंहितेत जखमेवरील साठ उपक्रम सांगताना वणाचा रंग त्वचेशी मिळता करण्याचे उपायही स्वतंत्रपणे गणले आहेत.

पुढील लक्षणे दिसल्यास थांबू नये : ताप, टाक्यांभोवती पसरत जाणारी लाली, पू, दुर्गंधी, जखमेचे तोंड उघडणे, वाढत जाणारी वेदना, अतिरक्तस्राव, एका पायाला सूज, छातीत दुखणे किंवा दम लागणे. शिरवळचे स्थान असे की, एका बाजूला नीरा ओलांडून सुमारे पन्नास किलोमीटरवर पुणे आणि दुसऱ्या बाजूला खंबाटकीचा घाट ओलांडून सातारा. रात्री कोणत्या रुग्णालयात जायचे हे सातव्या-आठव्या महिन्यातच ठरवलेले असावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. २०११ मध्ये सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयात सिझेरियन, औषधे, रक्त आणि ने-आण यांचा खर्च रुग्णाला करावा लागू नये अशी तरतूद आहे. दुकानातील नोकरवर्गाच्या आणि औद्योगिक वसाहतीत कामाला आलेल्या परप्रांतीय कुटुंबांच्या कानी हे घालणे ही मोठी सेवा ठरेल.

संस्थेने काय करावे ?

सुवर्ण महोत्सवात संकल्प सोडण्याची प्रथा आहे. या विषयापुरते चार संकल्प सुचवता येतील. प्रत्येक गर्भवतीच्या घरी धोक्याच्या लक्षणांचे एक मराठी पत्रक पोचवावे. जुने कागद जपण्यासाठी एक साधी फाईल द्यावी. रक्तदात्यांची गटवार यादी अद्ययावत ठेवावी, कारण घुसलेल्या नाळेच्या वेळी देवासारखा उपयोग होतो तो रक्ताचाच. आणि ज्यांना उपचार परवडत नाही अशा कोणत्याही जातिधर्माच्या स्त्रीला वणावरील उपचारासाठी नाव जाहीर न करता साहाय्य करावे. दानपट्टिकेवर या खर्चाची नोंद नसली तरी चालेल.

आता त्या आरंभीच्या घराकडे पुन्हा वळू. नवव्या दिवशी ओल दिसताच सूनबाईंनी सासूबाईंना हाक मारली असती, सासूबाईंनी न रागावता दिवा जवळ धरून पाहिले असते आणि पतीने दुकानाचे दार अर्ध्या तासासाठी ओढून घेतले असते, तर महिन्याची मलमपट्टी कदाचित दोन दिवसांच्या औषधावर भागली असती. या सगळ्यात पैसा, यंत्र किंवा पदवी लागत नव्हती. लागत होते ते एवढेच की, त्या घरात सुनेला आपल्या दुःखाचे नाव मोठ्याने घेता यावे. जीवांनी परस्परांवर उपकार करीत जगावे हे जिनशासनाचे सार आहे. ते मंदिराच्या शिखरावर कोरण्याआधी माजघरात उतरले पाहिजे.

प्रत्येक स्त्रीची प्रकृती भिन्न असते, म्हणून येथे सांगितलेल्या गोष्टी डॉक्टरांच्या प्रत्यक्ष सल्ल्याच्या जागी घेऊ नयेत. विवेचनात जिनाज्ञेविरुद्ध अथवा कोणाचे मन दुखावेल असे काही आले असल्यास त्रिविध मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र!